डिकन्सचा जुना संच घेताना : नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

काचेच्या कपाटात एकाच लेखकाचे वीस-पंचवीस खंड ओळीने उभे असलेले पाहिले, की वाचनाची आवड असलेल्या माणसाच्या मनात जी ओढ निर्माण होते, ती केवळ वाचण्याची नसते. त्या कादंबऱ्या त्याने बहुधा पदपथावरून घेतलेल्या कागदी बांधणीच्या प्रतींत आधीच वाचलेल्या असतात. तरीही ते खंड आपल्या घरी असावेत, रात्री दिव्याखाली त्यांतला एखादा हातात घेता यावा, असे त्याला वाटू लागते आणि किंमत ऐकल्यावरही ते वाटणे कमी होत नाही. मला ही ओढ चार्ल्स डिकन्सच्या नॉनसच संचाने, म्हणजे नॉनसच प्रेस या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या संचाने, लावली. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वेगवेगळ्या रंगांच्या बकरम कापडात बांधलेले ते तेवीस खंड आणि त्यांच्या शेजारी पुस्तकासारखीच दिसणारी चोविसावी पेटी यांच्यावरून माझी नजर हलत नव्हती. तो संच आजही माझ्याकडे नाही. त्याच्या मागे लागून मी जे शिकलो आणि मधल्या काळात दुसरे संच घेताना ज्या चुका केल्या, त्यांच्या आधारे हे मार्गदर्शन लिहीत आहे. उदाहरणे डिकन्सची आहेत, कारण त्याच्या पुस्तकांचा छपाईचा इतिहास फार बारकाईने अभ्यासला गेला आहे. एकदा तो नीट समजला की एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्याही लेखकाचा संच तपासण्याची दृष्टी येते.

पहिली पायरी : आपल्याला नेमका कोणता संच हवा आहे ते ठरवणे

‘डिकन्सचा जुना संच’ या शब्दांत किमान पाच निरनिराळ्या वस्तू सामावलेल्या आहेत आणि त्यांच्या किमतींत काही हजार रुपयांपासून कित्येक लाख रुपयांपर्यंत अंतर आहे. नवखा माणूस फसतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी, कारण छायाचित्रात पाचही सारखेच देखणे दिसतात.

सर्वांत वरचे स्थान मूळ मासिक अंकांचे. डिकन्सच्या बऱ्याच मोठ्या कादंबऱ्या आधी दरमहा एक शिलिंग किमतीच्या पातळ अंकांत निघाल्या, आणि त्या अंकांना हिरवट कागदी वेष्टन असे. वेष्टने, जाहिरातींची पाने आणि चित्रे यांसह एखाद्या कादंबरीचे सगळे अंक सुस्थितीत मिळणे दुर्मीळ आहे; सर्व कादंबऱ्यांचे मिळणे तर संग्रहालयांच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

त्यानंतर येतात पहिल्या आवृत्त्यांचे एकसारखे बांधलेले संच. निरनिराळ्या वर्षी निघालेल्या पहिल्या आवृत्त्या गोळा करून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लंडन किंवा बाथ येथील नामवंत बांधणीकारांकडून त्या एकाच रंगाच्या कातड्यात बांधून घेण्याची पद्धत धनिकांमध्ये होती. हे संच दिसायला अत्यंत देखणे असतात, परंतु बांधताना मूळ कापडी पुठ्ठे काढून टाकलेले असतात. मूळ बांधणीला महत्त्व देणाऱ्या संग्राहकाला हा मोठा तोटा वाटतो. मला स्वतःला तो तितका वाटत नाही, पण विकताना त्याचा परिणाम होतो हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार लेखकाच्या हयातीतल्या एकत्रित आवृत्त्यांचा. १८४७ पासून ‘चीप एडिशन’ निघाली, १८५८-५९ मध्ये बावीस खंडांची ‘लायब्ररी एडिशन’ निघाली आणि १८६७ पासून ‘चार्ल्स डिकन्स एडिशन’ निघू लागली. या शेवटच्या आवृत्तीच्या लाल कापडी पुठ्ठ्यावर डिकन्सची सही सोनेरी ठशात उमटवलेली आहे. तिच्यासाठी त्याने मजकुरावर पुन्हा हात फिरवला, आणि उजव्या पानांच्या माथ्यावरच्या छोट्या ओळीही स्वतः लिहिल्या. सामान्य उत्पन्न असलेल्या आणि मनापासून वाचणाऱ्या माणसाने सुरुवात या आवृत्तीपासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे सुटे खंड अजून परवडण्यासारखे मिळतात, आणि ज्या पानावरून आपण वाचतो ते पान लेखकाने शेवटच्या वर्षांत स्वतः तपासलेले आहे हे समाधान फार मोठे असते.

चौथा प्रकार मरणोत्तर निघालेल्या मर्यादित आवृत्त्यांचा. १८९७ पासून निघालेल्या गॅड्सहिल आवृत्तीला अँड्र्यू लँग यांच्या प्रस्तावना आहेत. १९०६-०८ मध्ये चाळीस खंडांची ‘नॅशनल एडिशन’ फक्त ७५० संचांची निघाली. आणि १९३७-३८ मध्ये निघाला तो नॉनसच संच. त्याच्या संख्येमागचे कारण मला नेहमीच मोहवते. डिकन्सचे मूळ प्रकाशक चॅपमन अँड हॉल यांच्याकडे कादंबऱ्यांतल्या चित्रांचे जुने ठसे जपून राहिले होते. नॉनसच प्रेसने ते मिळवले, ते ८७७ भरले, म्हणून संचही ८७७ च काढले आणि प्रत्येक संचाबरोबर एक खरा ठसा दिला. चोविसावी पेटी त्या ठशाची आहे.

पाचव्या प्रकाराविषयी सावध करणे हा या लेखाचा एक हेतू आहे. १९३३-३४ च्या सुमारास ब्रिटिश वृत्तपत्रांमध्ये खप वाढवण्याची मोठी चढाओढ लागली होती आणि नियमित वाचकांना डिकन्सचे संच अगदी थोड्या पैशांत दिले जात होते. कातड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडातले, सोनेरी नक्षीचे हे संच लाखो घरांत गेले. १९६० आणि १९७० च्या दशकांतही टपालाने वर्गणी घेऊन असेच नकली कातड्याचे संच विकले गेले. शीर्षकपृष्ठावर वर्ष छापलेले नसल्यामुळे विक्रेता त्यांना निःशंकपणे ‘अँटिक’ म्हणतो. वाचायला ते वाईट नाहीत आणि पाचशे-हजार रुपयांत मिळाले तर जरूर घ्यावेत, पण ‘पुरातन’ म्हणून त्यांची मोठी किंमत देऊ नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वर्गणीने विकल्या गेलेल्या, ‘फक्त एक हजार संच’ असे छापलेल्या आवृत्त्यांबाबतही हेच समजावे. कित्येकदा तोच मजकूर त्याच ठशांवरून छापून निरनिराळ्या नावांनी ‘मर्यादित’ म्हणून विकलेला असतो.

दुसरी पायरी : पैसे साठवत असताना लेखकाच्या छपाईचा इतिहास शिकणे

महागड्या संचासाठी पैसे साठवायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि ही वर्षे अभ्यासाला अगदी योग्य असतात. डिकन्सच्या बाबतीत आरंभ १८३६ च्या एप्रिलचा अंक म्हणून निघालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीच्या पहिल्या अंकापासून करावा. त्याचा चित्रकार रॉबर्ट सीमोर याने त्याच महिन्यात आत्महत्या केली. त्यानंतर थोड्या काळासाठी रॉबर्ट बस आला आणि मग हॅब्लट ब्राउन आला, ज्याला आपण ‘फिझ’ या टोपणनावाने ओळखतो. सुरुवातीला सुमारे हजार प्रतींनी निघालेला अंक शेवटी चाळीस हजारांच्या आसपास पोहोचला. या यशामुळे मासिक अंकांचा जो साचा ठरला तो डिकन्सने जवळजवळ आयुष्यभर वापरला : दरमहा बत्तीस पाने आणि दोन चित्रे, एकूण वीस अंक, त्यांतले शेवटचे दोन एकत्र. म्हणून हे वीस अंक प्रत्यक्षात एकोणीस वेळा निघत. शेवटच्या जोडअंकाबरोबर शीर्षकपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका मिळे, म्हणजे वाचकाला सगळे अंक बांधणीकाराकडे नेऊन एक पुस्तक करून घेता येई.

हा साचा समजला की तपासणीचे अर्धे काम होते. वीस अंकी कादंबरीत साधारणतः चाळीस चित्रे असायला हवीत, कारण शेवटच्या अंकातले मुखचित्र आणि चित्रमय शीर्षकपृष्ठ त्यांतच मोजले जातात. पिकविकमध्ये ती त्रेचाळीस आहेत. डेव्हिड कॉपरफील्ड किंवा ब्लीक हाउस यांच्या पहिल्या आवृत्तीचा मुख्य मजकूर ६२४ व्या पानावर संपतो. आणि अंकांवरून बांधलेल्या खंडात पाठीजवळच्या आतल्या समासात, पान थोडे ओढून पाहिले असता, दोन-तीन बारीक भोकांची ओळ दिसते, कारण अंक बाजूने टोचून शिवलेले असत. ही भोके म्हणजे दोष नव्हे. ज्या हातांनी तो अंक दर महिन्याला वाट पाहून विकत घेतला त्यांची ती खूण आहे, आणि मला ती सोनेरी नक्षीपेक्षा जास्त प्रिय आहे.

सगळी पुस्तके या साच्यातली नाहीत. ऑलिव्हर ट्विस्ट मासिकातून चालू असतानाच १८३८ मध्ये तीन खंडांत निघाले आणि त्यातली चित्रे क्रुकशँकची आहेत. ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही नाताळची प्रसिद्ध छोटी कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी सहा हजार प्रतींनी पाच शिलिंगला निघाली आणि नाताळच्या आत संपली. तिच्यातली चार चित्रे हाताने रंगवलेली आहेत. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स १८६१ मध्ये तीन खंडांत आली. अ टेल ऑफ टू सिटीज या १८५९ च्या कादंबरीच्या आरंभीच्या प्रतींत २१३ व्या पानावर चुकून ११३ हा आकडा पडला आहे, आणि त्या चुकीमुळेच आरंभीची प्रत ओळखता येते. प्रकाशकाचा पत्ताही काळ सांगतो. चॅपमन अँड हॉलच्या पुस्तकावर १८६ स्ट्रँड असा पत्ता असेल तर ते १८३० किंवा १८४० च्या दशकातले समजावे. १९३ पिकॅडिली असेल तर त्यानंतरचे. शीर्षकपृष्ठावर वर्ष नसेल तेव्हा हा पत्ता फार उपयोगी पडतो.

मासिक अंकांची संपूर्ण यादी, प्रत्येक अंकातल्या जाहिरातींसह, हॅटन आणि क्लीव्हर यांनी १९३३ मध्ये ग्रंथरूपाने केली. पहिल्या आवृत्तीवर मोठी रक्कम घालणाऱ्याने त्या ग्रंथातले आपल्या कादंबरीचे प्रकरण आधी वाचावे.

तिसरी पायरी : विक्रेत्याची भाषा समजून घेणे

जुन्या ग्रंथांच्या व्यापारातले शब्द रोजच्या अर्थाने वापरले जात नाहीत. ‘फाइन’ म्हणजे उत्तम, ‘व्हेरी गुड’ म्हणजे चांगले, पण नुसते ‘गुड’ म्हणजे बेताचे, आणि ‘फेअर’ म्हणजे वाईट. ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे वाचता येईल, पण संग्रहात ठेवण्याजोगी नाही. ‘रीबॅक्ड’ म्हणजे पाठीचे कातडे नवे बसवलेले आहे. ‘जॉइंट्स टेंडर’ असे लिहिलेले असेल तर पुठ्ठ्याचे सांधे लवकरच सुटणार आहेत असे धरून चालावे. ‘लॅकिंग’ किंवा ‘वॉन्टिंग’ या शब्दापुढे जे लिहिले असेल ते नाही, हे लक्षपूर्वक वाचावे. ‘मेड-अप सेट’ म्हणजे निरनिराळ्या संचांतले खंड जुळवून तयार केलेला संच. तो घेण्यात काही गैर नाही, फक्त किंमत त्यानुसार असावी. आणि ‘विथ ऑल फॉल्ट्स’ असे म्हटले असेल तर नंतर तक्रार करण्याचा मार्ग बंद होतो.

परदेशी विक्रेत्यांपैकी जे आपापल्या देशाच्या प्राचीन-ग्रंथविक्रेता संघटनेचे सभासद असतात, त्यांच्याकडून घेणे नवख्याला अधिक सुरक्षित. ब्रिटनमधली संघटना १९०६ पासून आहे. सभासदाने वर्णनात मोठी चूक केली तर पुस्तक परत घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. लिलावात किंमत कमी दिसते, परंतु बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे अधिमूल्य साधारण पाव हिश्श्याइतके चढते आणि परतीची सोय मर्यादित असते. पहिला संच लिलावात घेऊ नये.

आपल्याकडेही जुने संच मिळतात, आणि या वाटेने जाण्यात वेगळाच आनंद आहे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या वकिलांच्या, प्राध्यापकांच्या, डॉक्टरांच्या घरांतून वास्तू विकली जाताना पुस्तके बाहेर पडतात. त्यांच्या आतल्या पुठ्ठ्यावर मुंबईच्या थॅकर किंवा तारापोरवाला यांच्या दुकानाची नखाएवढी चिठ्ठी असते, कधी महाविद्यालयाच्या बक्षिसाची पट्टी असते, कधी शाईने लिहिलेले नाव आणि वर्ष असते. अशी खूण असलेला खंड मी सहसा सोडत नाही, कारण डिकन्स आपल्या भागात कसा वाचला गेला त्याचा तो लहानसा पुरावा असतो. मात्र वाचनालयातून आलेल्या संचांबाबत दोन गोष्टी पाहाव्यात : ते रीतसर निकालात काढल्याचा शिक्का आहे का, आणि मूळ बांधणी काढून रेक्झिनमध्ये बांधलेले आहेत का.

चौथी पायरी : खंड एकेक करून तपासणे

या पायरीवर घाई करू नये, हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने पाठवलेल्या सुंदर छायाचित्रांवर विसंबून मी अर्ध्या कातडी बांधणीचे बारा खंड घेतले. पाठी चमकत होत्या, कडा सोनेरी होत्या. घरी आल्यावर एका खंडातली सहा चित्रे कापून काढलेली आढळली. कोणीतरी ती चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी विकली असावीत. पान इतक्या सफाईने कापले होते की पुस्तक नुसते चाळताना ते कळले नसते. चित्रसूची समोर ठेवून एकेक चित्र मोजले तेव्हाच कळले. विक्रेत्याने वर्णनात ‘संपूर्ण’ असा शब्द वापरलाच नव्हता, आणि मी तो विचारला नव्हता.

म्हणून संच प्रत्यक्ष पाहता येत असेल तर अर्धा दिवस मोकळा ठेवावा, आणि दुरून घेत असाल तर विक्रेत्याला पुढील प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. प्रत्येक खंडाच्या शीर्षकपृष्ठावर कोणते वर्ष आणि कोणता पत्ता आहे? चित्रसूचीतले प्रत्येक चित्र जागेवर आहे का? एखादे पान फाटलेले, पुन्हा चिकटवलेले किंवा दुसऱ्या प्रतीतून घातलेले आहे का? कोणत्या खंडांचे सांधे सुटले आहेत? कोठे कसर लागल्याची भोके आहेत का आणि ती मजकुरातून जातात का? खंड बंद केल्यावर वास कसा येतो? शेवटचा प्रश्न काही विक्रेत्यांना विचित्र वाटेल, पण बुरशीचा वास छायाचित्रात येत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता या प्रश्नाचे उत्तर नेहमी देतो.

प्रत्यक्ष पाहताना खंड पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नये. शेजारचे दोन खंड किंचित मागे ढकलून मधला दोन्ही बाजूंनी धरून काढावा. मग कातडे पाहावे. बोटाला विटकरी भुकटी लागली तर तो कातड्याचा क्षय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या कातड्याने शहरी हवेतला आणि गॅसच्या दिव्यांतला गंधकाचा वायू शोषून घेतला, त्यातून आम्ल तयार झाले आणि त्याने धागे खाल्ले. हा क्षय उलट फिरवता येत नाही. जाणकाराकडून हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजचे अल्कोहोलमधले पातळ द्रावण लावून तो थोपवता येतो. काही जण खोबरेल किंवा दुसरे तेल चोळून कातडे तुकतुकीत करतात; असे कातडे काळवंडते आणि तेल आतल्या पानांत उतरते, तेव्हा संशयास्पद चकाकी दिसली तर सावध व्हावे.

पानांवरचे तांबूस ठिपके पाहून फार घाबरू नये. चित्रांच्या पानांवर ते बहुधा असतातच, आणि चेहऱ्यांवर किंवा बारीक रेषांवर आलेले नसतील तर मी ते स्वीकारतो. पाण्याचा डाग मात्र स्वीकारू नये. त्याची कड कोठे आहे, किती खंडांत एकाच उंचीवर आहे, ते पाहिले की संच कधीकाळी जमिनीवर पुराच्या पाण्यात उभा होता का ते कळते.

नॉनसच संचासाठी आणखी काही तपासण्या आहेत. तेवीस खंड आणि पेटी अशा चोवीस वस्तू असायला हव्यात. पत्रव्यवहाराचे तीन खंड काही वेळा गहाळ असतात. पेटीतला ठसा कोणत्या चित्राचा आहे ते विचारावे आणि त्यासोबत प्रकाशकाचे पत्र आहे का ते पाहावे. रंगीत बकरम कापड उन्हाने विटते, त्यामुळे पाठीचा रंग पुठ्ठ्याच्या रंगाशी ताडून पाहावा. विटलेला रंग पूर्ववत होत नाही, पण त्यामुळे किंमत पुष्कळ उतरते, आणि ज्याला वाचायचे आहे त्याच्यासाठी ही संधी आहे. या संचातल्या काही कादंबऱ्यांच्या प्रतिकृती-आवृत्त्या एकविसाव्या शतकात निघाल्या आहेत. नाव तेच असल्यामुळे वर्ष न विचारता व्यवहार करू नये.

पाचवी पायरी : पैसा, टपाल आणि कागदपत्रे

चांगल्या नॉनसच संचाची किंमत काही हजार पौंड असते, म्हणजे आपल्याकडे ती लाखांत जाते. या रकमेचा मोठा भाग कर्जाने उभा करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण जुना ग्रंथ हवा तेव्हा विकता येत नाही. त्याऐवजी एक वेगळे खाते उघडून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी, आणि घरच्या माणसांना आरंभीच हेतू सांगून ठेवावा.

आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून पाच टक्के सीमाशुल्क आकारले जाऊ लागले. मागवण्यापूर्वी चालू दर कुरिअर कंपनीकडून किंवा सीमाशुल्क कार्यालयाकडून तपासून घ्यावा. बीजकावर पुस्तकांचे नाव, छपाईचे वर्ष आणि खरी किंमत लिहून घ्यावी. विक्रेत्याने कमी किंमत दाखवतो असे सुचवले तरी ते नाकारावे, कारण वाटेत नुकसान झाल्यास विमा त्या खोट्या किमतीइतकाच मिळतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून एकोणिसाव्या शतकातला संच येथे आणल्यावर त्याची आयातीची सर्व कागदपत्रे कायम जपून ठेवावीत.

बांधाबांध दोन किंवा तीन मजबूत खोक्यांत असावी, प्रत्येक खंड वेगळ्या कागदात गुंडाळलेला असावा, आणि माल जून ते सप्टेंबर या काळात मुंबई बंदरात किंवा विमानतळाच्या गोदामात पडून राहणार नाही अशा बेताने मागवावा. दिवाळीनंतरचे महिने सर्वांत चांगले.

सहावी पायरी : आपल्या हवेत तो सांभाळणे

खोकी आल्या दिवशीच उघडावीत, मात्र खंड लगेच मुख्य कपाटात ठेवू नयेत. पंधरा दिवस ते वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर उभे ठेवून किड्यांची भुकटी पडते का ते पाहावे. भुकटी दिसल्यास तो खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांच्या शीतपेटीत दहा दिवस ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे पूर्ण एक दिवस, पिशवी उघडू नये. कातडी बांधणीवर हा उपाय जाणकाराला विचारूनच करावा.

कोकण आणि मुंबईच्या हवेत खरा शत्रू ओल आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, त्यामुळे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. मागे चार बोटे जागा सोडावी. थोडक्या रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक कपाटात ठेवावे आणि पावसाळ्यात त्याचा आकडा रोज पाहावा. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत मी पाळतो, पण ती पुस्तकांना न टेकता खालच्या फळीवर. पोथ्यांप्रमाणे सुती कापडात गुंडाळणे चांगले. प्लॅस्टिकच्या वेष्टनात कायम बंद करणे सर्वांत वाईट. पावसाळा संपल्यावर, आश्विनातल्या कोरड्या दिवसांत, सगळे खंड बाहेर काढून मऊ ब्रशने वरच्या कडा पुसाव्यात आणि सावलीत दोन-तीन तास हवा लागू द्यावी.

आणि संच वाचावा. खंड टेबलावर पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना दुमडलेला टॉवेल ठेवून तो इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उघडा ठेवला तर सांध्यांवर ताण येत नाही. दर महिन्याला एक मासिक अंक, म्हणजे तीन-चार प्रकरणे, एवढ्याच वेगाने एखादी कादंबरी वाचून पाहावी. डिकन्सचे पहिले वाचक दीड वर्षाहून अधिक काळ एका गोष्टीबरोबर राहत असत, आणि अंकाच्या शेवटी तो कोठे थांबतो हे त्या वेगाने वाचल्यावरच उमगते.

नॉनसच संच ज्याला मिळेल त्याने पेटीतला ठसाही अधूनमधून बाहेर काढून पाहावा. फिझच्या चित्रांचा ठसा पोलादी पत्र्याचा असतो आणि बोटांच्या घामाने त्यावर गंज चढतो, म्हणून सुती हातमोजे घालून तो कडांनी धरावा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. लाकडी ठसा असेल तर त्याला तडे जाऊ नयेत म्हणून उन्हापासून आणि फार कोरड्या हवेपासून दूर ठेवावा. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ठसा हळूहळू कलता केला की आधी काहीच दिसत नाही, आणि मग एका विशिष्ट कोनात सगळ्या रेषा एकदम उजळतात. चित्र उलटे असते. उजवीकडचा माणूस डावीकडे उभा असतो. त्या चित्राचे छापील पान ज्या खंडात आहे तो खंड शेजारी उघडून ठेवावा आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत.